प्रमाणित मायक्रोग्रिड

मायक्रोग्रिड (सूक्ष्म वीजजाळे) म्हणजे एका ठरावीक हद्दीतली वीजनिर्मिती, साठवण आणि वापर यांची अशी जोडणी, की जी एरवी मुख्य वीजजाळ्याला जोडलेली राहते आणि मुख्य जाळे बंद पडले की स्वतःला तोडून घेऊन आपल्या हद्दीतला पुरवठा चालू ठेवते. ही हद्द एका रुग्णालयाची, गावाची, कारखान्याची किंवा ११ केव्ही फीडरच्या (उपकेंद्रातून गावांकडे निघणाऱ्या वीजवाहिनीच्या) एखाद्या तुकड्याची असू शकते. प्रमाणित मायक्रोग्रिडमध्ये हीच व्यवस्था जागोजागी नव्याने आखली जात नाही. ठरलेल्या क्षमतांचे, एकदाच तपासून मान्य केलेले संच आणून बसवले जातात. खर्च उतरतो तो मुख्यतः यामुळे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांच्या वसाहतीत, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पॅटर्न (ओतकामाचा मूळ नमुना) बनवायला वेळ आणि पैसा लागतो, पण तो एकदा बरोबर जमला की त्यावर शेकडो कास्टिंग निघतात. आजवरचे बहुतेक मायक्रोग्रिड मात्र दर नगाला नवा पॅटर्न केल्यासारखे उभे राहिले आहेत.

कोल्हापूरची गरज

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पुणे–बंगळूर महामार्ग बंद पडला, शिंगणापूर आणि बालिंग्याच्या उपसा केंद्रांत पाणी शिरले, आणि चहूकडे पाणी असताना शहराचे नळ कोरडे राहिले.

विजेच्या बाबतीत पुराचे एक वैशिष्ट्य लक्षात घ्यावे लागते. पाणी डीपीपर्यंत चढले की कोणाला करंट लागू नये म्हणून पुरवठा मुद्दाम बंद करावा लागतो. उपकेंद्रच पाण्यात गेले, तर त्यावरून निघणारे सगळे फीडर बंद. त्यामुळे उंचावरची, पायरीलाही पाणी न लागलेली गावे अंधारात जातात. तिथे पाण्याच्या टाकीचा पंप थांबतो, आरोग्य केंद्रात २ ते ८ अंशांत ठेवायच्या लसींचा फ्रीज तापू लागतो, दूध संस्थेच्या बल्क कूलरमधले दूध नासते आणि टॉवरची बॅटरी उतरली की फोनही लागत नाही. मायक्रोग्रिड खरा उपयोगी पडतो तो अशा कोरड्या पण तुटलेल्या गावांत. पाण्यात बुडालेला पंप त्याने चालत नाही. अशा पंपासाठी उंचीच वाढवावी लागते.

छपरावर पॅनल असूनही अंधार का

जिल्ह्यात छपरावर सौर पॅनल असलेली घरे आता गल्लोगल्ली दिसतात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते. तरीही लाईट गेली की भर दुपारी, लख्ख उन्हात या घरांतले पंखे थांबतात. पॅनलची वीज घरातल्या विजेत बदलणाऱ्या इन्व्हर्टरमधला रिले (आपोआप चालणारा स्विच) टक् करून सुटतो आणि पडद्यावर ग्रिड नसल्याचा संदेश येतो. घरमालक कंपनीला फोन लावतो, पण यंत्र बिघडलेले नसते.

असे दोन कारणांनी होते. साधा इन्व्हर्टर मुख्य जाळ्याच्या ५० हर्ट्झच्या लहरीवर ताल धरून चालतो. लहर गेली की त्याला ताल देणारे कोणी उरत नाही. दुसरे कारण माणसाच्या जिवाचे आहे. खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातातली तार खरोखर मेलेली असली पाहिजे, एखाद्या घराच्या छपरावरून तिच्यात वीज येता कामा नये. म्हणून बंद जाळ्यात इन्व्हर्टर आपोआप थांबतो की नाही, याची परीक्षा आयएस १६१६९ या भारतीय मानकाने ठरवून दिली आहे. हा नियम योग्यच आहे. मात्र लाईट गेल्यावर नेमकी कोणती तार तोडायची, हे ठरवणारे साधन घराच्या इन्व्हर्टरजवळ नसते. मायक्रोग्रिडजवळ ते असते.

रचना आणि कार्य

मायक्रोग्रिडच्या हद्दीवर एक स्वयंचलित स्विच असतो. मुख्य जाळ्याचा दाब (व्होल्टेज) किंवा वारंवारता मर्यादेबाहेर गेली की तो उघडतो. त्याच क्षणी बॅटरीला जोडलेला जाळे घडवणारा इन्व्हर्टर स्वतः ५० हर्ट्झची लहर उभी करतो. हद्दीतल्या बाकीच्या सौर इन्व्हर्टरांना ती लहर दिसते आणि थोड्या वेळाने तेही पुन्हा वीज देऊ लागतात. नियंत्रक ठरलेल्या क्रमाने बिनमहत्त्वाचे भार कमी करतो : आधी रस्त्यावरचे दिवे, मग पिठाची गिरणी; फ्रीज आणि पाण्याचा पंप शेवटपर्यंत चालू राहतात. मुख्य पुरवठा परतल्यावर दोन्ही लहरींची पावले जुळेपर्यंत थांबून स्विच मिटतो. बाहेरच्या लाईनवर काम करणारा वायरमन सुरक्षित राहतो, कारण उघडलेला स्विच त्याच्यात आणि गावात उभा असतो.

या कल्पनेला आजचे रूप आले ते २००२ च्या सुमारास, अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे रॉबर्ट लॅसेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून. मार्च २०११ च्या भूकंपात जपानमधील सेंदाई शहर अंधारात असताना तिथल्या एका विद्यापीठ परिसरातला मायक्रोग्रिड शेजारच्या रुग्णालयाला वीज देत राहिला. महाराष्ट्रात २०१२ साली पुणे जिल्ह्यातील दरेवाडी या दुर्गम वस्तीत ९.४ किलोवॅटच्या सौर संचावर ३९ घरांना वीज मिळाली. तो संच मुख्य जाळ्यापासून अलग होता. त्या काळी तिथवर तारच पोचलेली नव्हती.

प्रमाणीकरणात काय ठरते

पॅनल आणि बॅटरी आता बाजारात तयार मिळतात. महाग पडते ती त्यांची सांगड : सर्वेक्षण, आराखडा, संरक्षक रिलेची जुळवणी, नियंत्रकाची आज्ञावली, परवानगीसाठीचे अभ्यास आणि चालू करतानाच्या चाचण्या. दहा किलोवॅटच्या संचालाही हे सगळे सोपस्कार करावे लागतात, त्यामुळे छोट्या गावावर त्यांचा बोजा सर्वांत जास्त पडतो.

म्हणून मानके आली. जोडणीचे नियम आयईईई या आंतरराष्ट्रीय अभियंता संघटनेच्या १५४७ क्रमांकाच्या मानकात आहेत. ते २००३ मध्ये निघाले आणि २०१८ मध्ये नव्याने लिहिले गेले. नियंत्रकाने काय काय केले पाहिजे हे आयईईई २०३०.७ सांगते, तर ते तपासायचे कसे हे २०३०.८ सांगते. नियोजनासाठी आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेची ६२८९८ ही मालिका आहे. भारतात विखुरलेल्या वीजनिर्मितीच्या जोडणीसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१३ चे विनियम लागू आहेत. ही मानके वागणूक ठरवतात. त्यापुढची पायरी अजून अपुरी आहे : २५, ५०, १०० किलोवॅट अशा ठरावीक मापांचे संच, सारखे कनेक्टर, सारख्या रिले-जुळवण्या, आणि एका कंपनीचा इन्व्हर्टर गेला तर दुसरीचा तिथे बसेल अशी मोकळीक. शेतातल्या मोटारीचे बेअरिंग नंबर सांगून कुठल्याही दुकानात मिळते. मायक्रोग्रिडचा सुटा भाग तसा मिळू लागला, की तो गावातला इलेक्ट्रिशियनही बदलू शकेल.

जागतिक बँकेच्या अभ्यासानुसार उत्तम रीतीने बांधलेल्या सौर मिनीग्रिडच्या (गावापुरत्या छोट्या वीजजाळ्याच्या) विजेचा खर्च २०१८ मध्ये युनिटला ०.५५ डॉलर होता. २०२१ पर्यंत तो ०.३८ डॉलरवर आला. महावितरणच्या दराशी तुलना केली तर हा आकडा अजून जडच वाटतो. पण पुरातल्या विजेची तुलना डिझेलशी करायला हवी. एक लिटर डिझेलमधून जनरेटर साधारण तीन-साडेतीन युनिट देतो, आणि महामार्ग बंद झाला की टँकर येतच नाही. शिवाय जनरेटर वर्षातले बहुतेक दिवस झाकून पडलेला असतो. मायक्रोग्रिडची बॅटरी रोज संध्याकाळी मागणी चढते तेव्हा कामाला येते, लांबलचक फीडरच्या शेपटीला घसरणारा दाब सावरते आणि ट्रान्सफॉर्मरवरचा ताण हलका करते. मुख्य जाळे मजबूत होते ते या रोजच्या कामामुळे.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज देण्याचे काम राज्यात चालू आहे. जागा, तारा आणि पॅनल तिथे आहेतच. अशा प्रकल्पांना बॅटरी, जाळे घडवणारा इन्व्हर्टर आणि हद्दीवरचा स्विच यांचा प्रमाणित संच जोडणे, हा कोल्हापूरसारख्या जिल्ह्यासाठी सर्वांत जवळचा रस्ता दिसतो.

मर्यादा

पूर येतो तेव्हाच ऊन नसते, ही कोल्हापुरातली मोठी अडचण. एक किलोवॅट पॅनल स्वच्छ दिवशी साधारण चार युनिट देते. जुलै-ऑगस्टच्या झडीत उत्पादन त्याच्या निम्म्याहूनही खाली जाते. म्हणून संचाचे माप उन्हाळ्यावरून न ठरवता आषाढ-श्रावणावरून ठरवावे लागते. साडेसात अश्वशक्तीचा पाण्याचा पंप चार तास चालवायला सुमारे २२ युनिट लागतात. ५० किलोवॅटचा संच पावसातही एवढे भागवू शकतो, पण शेतातल्या सगळ्या मोटारी त्यावर चालवता येणार नाहीत. साखर कारखान्यांची बगॅसवरची (उसाच्या चोथ्यावरची) सहवीज जिल्ह्यात भरपूर आहे, पण गाळप हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो; पुराच्या दिवसांत बॉयलर थंड असतात. पावसाळ्यात जोरात असते ती जलविद्युत. राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतलेल्या राधानगरी धरणाच्या पायथ्याशी वीजगृह आहे, दूधगंगेवरही आहे. त्यांच्याभोवती मायक्रोग्रिडची हद्द आखता येईल का, याचा विचार व्हायला हवा.

मोटार थेट चालू केली की क्षणभर नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह ओढते. मुख्य जाळ्याला ते जाणवतही नाही, छोटा इन्व्हर्टर मात्र बसतो, म्हणजे बंद पडतो. म्हणून पंपाला सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी (मोटार हळूहळू चालू करणारी साधने) हा प्रमाणित संचाचाच भाग धरावा. उलट, शॉर्टसर्किट झाले तर इन्व्हर्टर मोठा प्रवाह देऊ शकत नाही आणि जुने फ्यूज उडतच नाहीत. संरक्षणाची आखणी वेगळी करावी लागते.

बिहारमधील धरनई गावात २०१४ मध्ये १०० किलोवॅटचा सौर मायक्रोग्रिड उभा राहिला आणि मुख्य जाळ्याची स्वस्त वीज पोचल्यावर ओस पडला. त्या वेळी मुख्य जाळ्याशी जोडून घेण्याची सोय आणि परवानगी असती, तर तीच पॅनल पुढेही वीज देत राहिली असती.

देखभाल

बॅटरी आणि स्विचगिअर (स्विच व संरक्षक उपकरणे) यांचा चौथरा २०२१ च्या पूररेषेच्या वर हवा. ती खूण गावोगाव भिंतींवर अजून आहे. दरवर्षी मृग निघण्याआधी, मुख्य पुरवठा चालू असतानाच, हद्दीवरचा स्विच हाताने उघडून गाव तासभर स्वतःच्या विजेवर चालवून पाहावे. पंप त्या तासात एकदा तरी बंद करून पुन्हा सुरू करावा, कारण बॅटरी अर्धी उतरल्यावर संच बसतो की तग धरतो, हे त्या एका स्टार्टमध्ये कळते.