समवायापासून आंतरविषयक अध्ययनापर्यंत : गोव्यातील वर्गांची पार्श्वभूमी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने सहावी ते आठवीच्या टप्प्यात दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा कारागिरांच्या सहवासात घालवण्याची कल्पना मांडली आणि विषयांच्या भिंती सैल करण्याचा आग्रह धरला. तेव्हापासून गोव्यातील शिक्षकांच्या बैठकांत ‘आंतरविषयक’ (अनेक विषय जोडून शिकवणे) आणि ‘सहयोगी’ (मिळून शिकणे) हे शब्द नव्याने ऐकू येऊ लागले. शब्द नवे असले, तरी त्यांच्यामागची कल्पना जुनी आहे.

पोर्तुगीज अमलात गावोगावी, बहुधा देवळाच्या आवारात किंवा एखाद्या घराच्या पडवीत, खासगी मराठी शाळा चालत असत. तिथे एकच गुरुजी अक्षरओळख, पाढे, हिशेब, मोडी आणि पोथीवाचन शिकवीत. पाढा संपून भाषा कधी सुरू झाली हे सांगणारी घंटा नव्हती, आणि मोठी मुले लहानांना घोकून घेत असल्यामुळे एका गुरुजींवर सगळ्यांचा भार पडत नसे. मुलांनीच मुलांना शिकवण्याची ही रीत हिंदुस्थानात इतकी रुळलेली होती, की अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथालयाचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी मलबारी मुलांना वाळूत अक्षरे गिरवताना पाहिले, त्यावरून मुलांकडूनच मुलांना शिकवून घेण्याची आपली पद्धत रचली आणि १७९७मध्ये तिचा वृत्तांत इंग्लंडमध्ये छापला. आपली धुळाक्षरे अशी विलायतेला जाऊन आली. अर्थात त्या शाळांचे फार गोडवे गाऊ नयेत : भर घोकंपट्टीवर होता आणि पडवीची पायरी सर्व जातींच्या मुलांना खुली नव्हती.

विषयांची काटेकोर वाटणी ही दुसऱ्या बाजूने आलेली गोष्ट. पणजीचे लिसेंव, म्हणजे सरकारी पोर्तुगीज माध्यमिक विद्यालय, १८५४मध्ये सुरू झाले आणि त्याबरोबर ठरावीक अभ्यासक्रम, विषयवार शिक्षक व परीक्षा यांची शिस्त प्रतिष्ठित झाली. १९१०मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर हिंदू समाजाला शिक्षणसंस्था काढण्यास अधिक मोकळीक मिळाली. पणजीतील मुष्टिफंड ही शिक्षणसंस्था त्याआधीच, १९०८मध्ये, उभी राहिली होती. मूठमूठ धान्याच्या वर्गणीची कल्पना तिच्या नावातच आहे.

भारताच्या इतर भागांत मात्र या वाटणीला आव्हान दिले जात होते. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने नई तालीमचा, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षणाचा, आराखडा केला. त्याचा कणा म्हणजे समवाय : एखादा हस्तोद्योग मध्यभागी ठेवायचा आणि त्याच्या ओघात गणित, भाषा, विज्ञान, इतिहास शिकवायचे. टकळीवर निघालेले सूत मोजताना गणित येते आणि कापसाचा प्रवास सांगताना भूगोल व साम्राज्याचा इतिहास येतो. त्याच्या एकोणीस वर्षे आधी, १९१८मध्ये, अमेरिकेत शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिक यांनी प्रकल्प पद्धतीची, म्हणजे मुलांनी हाती घेतलेल्या कामातून शिकण्याची, मांडणी केली होती. गोवा तेव्हा परक्या अमलाखाली असल्याने वर्ध्याचा हा प्रयोग सीमेपलीकडेच राहिला.

१९६१च्या मुक्तीनंतर दयानंद बांदोडकर यांच्या सरकारने खेडोपाडी प्राथमिक शाळा उघडल्या. त्यांतील बहुतेक मराठी माध्यमाच्या होत्या. शाळा दारात येणे हीच त्या काळातली मोठी गोष्ट होती, आणि ती कशी शिकवते हा प्रश्न साहजिकच मागे पडला. १९७५मध्ये गोव्याचे स्वतःचे शालान्त मंडळ स्थापन झाले. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभव सुचवला होता, पुढे समाजोपयोगी उत्पादक कार्य आले. वेळापत्रकात त्यांना स्वतंत्र तासिका मिळाली आणि तिथेच घोटाळा झाला, कारण विषयांना जोडण्यासाठी आणलेली गोष्ट स्वतःच आणखी एक विषय होऊन बसली.

गटकार्याचेही असेच झाले. एक हुशार मुलगी तक्ता रंगवते आणि बाकीचे चौघे त्याची टोके धरून उभे राहतात, हे दृश्य आपल्या वर्गांत नवे नाही. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी १९७१मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे, गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुले प्रथमच एका वर्गात आल्यावर, धड्याचे तुकडे करून प्रत्येकाला एकेक तुकडा दिला, त्यामागे मुलांमधले वैर कमी करण्याचा हेतू होता, पण या दोषावरही तो उपाय ठरतो. आपला तुकडा इतरांना समजावून दिल्याशिवाय कोणाचाच धडा पुरा होत नसे.

२००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने पाठ्यपुस्तकाबाहेरच्या जगण्याशी ज्ञान जोडण्याचा आग्रह धरला. गोव्यात त्यासाठी खाजनाइतके, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीइतके, समर्पक उदाहरण दुसरे नाही. भरतीचे खारे पाणी अडवणारा बांध, ओहोटीला उघडणारी मानस (पाण्याची झडप), खारेपणा सोसणारे कोरगुट भात आणि हे सारे सांभाळणारी गावकरी, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीची जुनी व्यवस्था, या एका शेतात विज्ञान, भूगोल, गणित आणि इतिहास नांदतात. क्षारता शिकवणारा शिक्षक आणि गावकरी व्यवस्थेचा इतिहास शिकवणारी शिक्षिका यांना बांधावर मुलांना नेण्याआधी एकत्र बसून आखणी करावी लागते. त्यासाठीची सामाईक तासिका माध्यमिक शाळेच्या वेळापत्रकात क्वचितच आढळते.