जुन्या ट्रकचा गंजलेला टायर काढायला आम्हाला दोन दिवस का लागतात

"भाऊ, एका टायरले दोन दिवस काऊन पाहिजे जी? तिकडे मशीनवर पाच मिनिटांत निघते." नागपूरजवळच्या वाडीत आमचं टायरचं दुकान आहे, तिथे हे रोज एकदा तरी ऐकतो. सांगता सांगता चहा थंड होतो, म्हणून या वेळी छापूनच घेतलं.

मशीनवर पाच मिनिटांत निघतो तो आजचा ट्यूबलेस. त्याची रिम एकसंध असते. तुमच्या टाटा-मर्सिडीज, बेडफोर्ड, फार्गो किंवा लेलँड कॉमेट अशा जुन्या ट्रकची २० इंची रिम तुकड्यांची असते: खालची मूळ रिम, टायरला बाजूनं धरणारी साइड रिंग आणि साइड रिंगला अडवणारी लॉक रिंग. लॉक रिंग रिमच्या काठावरच्या खाचेत बसते. त्या खाचेला आम्ही गटर म्हणतो. चाकातली नव्वद-शंभर पौंड हवा शेवटी या बोटभर गटरच्या भरवशावर असते.

टाटा आणि मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलर-बेंझची भागीदारी १९५४ ते १९६९ पर्यंतची. त्या काळातली गाडी असेल तर रिमनं पन्नासहून जास्त पावसाळे पाहिलेत. शेताच्या बांधावर नाहीतर ढाब्यामागच्या गवतात उभ्या गाडीत पाणी रिंगेखाली शिरतं, गंज फुगतो आणि टायरची कड (बीड) रिमला चिकटून बसते.

आता मुख्य तक्रार. घरी प्रयत्न करून मग आमच्याकडे येणारे बहुतेक जण सब्बल सरळ लॉक रिंगेखाली घालतात आणि वरून घण. रिंग हलत नाही, कारण बीड सुटलेली नसते आणि साइड रिंग तिला खालून दाबून धरत असते. मग आणखी जोर लावतात. रिंग वाकते, गटरचा ओठ दुमडतो. "काही नाही केलं जी, थोडंसंच ठोकलं," असं सांगत चाक आमच्यापुढे येतं. टायर काढायला जितका वेळ लागतो त्याहून जास्त तो ओठ कानशीनं सरळ करण्यात जातो. गटरला तडा दिसला तर रिम भंगारात, आणि अशी रिम सहज मिळत नाही.

क्रम उलटा आहे. आधी वॉल्व्हची पिन काढा. मागची जोडचाकं असतील तर नट सैल करायच्या आधी दोन्ही टायरच्या पिना काढायच्या. जुन्या वॉल्व्हमध्ये गंज आणि माती साचते, फुस्स आवाज झाला म्हणजे हवा गेली असं नाही. बारीक तार घालून वाट मोकळी आहे हे पाहा. मग रिंगेच्या सांध्यात गंज सोडवणारं तेल, आणि रात्रभर वाट. दुसरा दिवस लागतो तो इथेच. सकाळी बीडच्या कडेनं साबणाचं पाणी सोडून चपटी पहार गोल फिरवत थोडं थोडं दाबायचं, एकाच जागी कुस्ती नको. बीड सगळीकडून खाली बसली की साइड रिंग सैल पडते. मग लॉक रिंगेला पहारेसाठी असलेल्या खाचेत टोक घातलं की ती जवळजवळ स्वतःहून वर येते. चाक उलटवून दुसरी बीडही अशीच सोडवायची. मे महिन्यात टायर तासभर उन्हात टाकला तरी रबर नरम येतं. नागपूरच्या उन्हाचा एवढा तरी फायदा घ्यावा.

गॅसकटर किंवा बत्तीनं रिम तापवू नका. हवा काढलेली असली तरी तापलेल्या रबरातून आत वायू साचतो आणि टायर फुटू शकतो. तापवलेली रिम आम्ही हातात घेत नाही, ओळखीच्या माणसाचीही नाही. यावरून दोन-चार जण रागावून गेलेत. जाऊ द्या.

हे घरी करायला आमची हरकत नाही. अवजारं आणि वेळ असेल तर जरूर करा. पण परत हवा भरायला चाक इकडेच आणा. आम्ही चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब नळीनं, बाजूला उभं राहून भरतो. रिंग नीट बसली नसेल तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. काढलेली रिम तारेच्या ब्रशनं घासून रेड ऑक्साइड (गंज रोखणारा रंग) मारून देण्याचं काम त्याच मजुरीत होतं. ९.००-२० मापाच्या टायरचे ट्यूब आणि फ्लॅप (ट्यूब आणि रिमच्या मधली रबरी पट्टी) दुकानात असतात. जुना फ्लॅप परत वापरू नका, कडक झालेली घडी नवी ट्यूब कापते.

शेवटचं म्हणजे, सगळी चाकं एकदम आणणार असाल तर प्रत्येक रिमच्या रिंगा त्याच रिमला तारेनं बांधून आणा. दिसायला सारख्या असल्या तरी एका कंपनीची रिंग दुसरीच्या रिमवर आम्ही बसवत नाही. सकाळी अकराच्या आत दिलंत तर तेल त्याच दिवशी सोडतो.