बोर्डिंग पाससाठी काउंटरवर पैसे? नाही!

‘घरून वेब चेक-इन केलं नाही, तर विमानतळावर बोर्डिंग पासचे 200 रुपये पडतात.’ नातेवाइकांच्या ग्रुपवर हा मेसेज अजून फिरतो. (वेब चेक-इन म्हणजे विमानात चढण्याचा पास, म्हणजे बोर्डिंग पास, आधीच ऑनलाइन काढणं.) देशांतर्गत प्रवासासाठी तो आता चुकीचा आहे.

याचं मूळ खरं होतं. मे 2020 मध्ये कोविडमुळे वेब चेक-इन सक्तीचं झालं आणि पुढे काउंटरवर पास घेणाऱ्यांकडून पैसे घेतले जाऊ लागले. पण जुलै 2022 मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने स्पष्ट सांगितलं, की हे शुल्क विमान नियम, 1937 मध्ये बसत नाही, ते घेऊ नका.

या भीतीपोटी लोक घरून वेब चेक-इन करतात आणि तिथे खरा खर्च होतो तो सीटवर. माझी मावशी पुण्याहून निघताना मोबाइलवर सीटचा नकाशा बघून घाबरली. प्रत्येक चौकोनावर किंमत! तिने मधल्या सीटचे 350 रुपये भरले. खाली बारीक अक्षरात सीट न निवडता पुढे जाण्याचा पर्याय होता. तो घेतला, की मिळेल ती सीट फुकट मिळते. लेकरांची काळजी असेल, तर एप्रिल 2024 मध्ये डीजीसीए या विमान वाहतूक नियामक संस्थेने सांगितलंय, की एकाच पीएनआरवरच्या (बुकिंग क्रमांकावरच्या) 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला आई-वडील किंवा पालकांपैकी एकाच्या शेजारी बसवायचं.

सामानाचं मात्र उलट आहे. काउंटरवर द्यायचं सामान मोफत मर्यादेच्या (बहुधा 15 किलो) वर जाणार असेल, तर जादा वजन आधीच ऑनलाइन घ्या, काउंटरवर ते महाग पडतं. आणि काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतो, तेवढं सांभाळा.