कुट्टिमचित्र, लादीकपच्यांचे

चकचकीत लाद्या, चिनी मातीची भांडी किंवा रंगीत काच फोडून मिळालेल्या कपच्या फलकावर वा बांधकामावर चिकटवून आणि त्यांमधील दरजा सिमेंटी लगद्याने भरून केलेले शोभाकाम. घरगुती कामात नावाची पाटी, भिंतीवरील फलक, आरशाची चौकट, लहान मेजाचा पृष्ठभाग, कुंडी व तुळशीवृंदावन यांसाठी ते प्रामुख्याने केले जाते. महाराष्ट्रातील घरांच्या जमिनीला परिचित असलेली ‘मोझॅक टाइल’ या प्रकारात मोडत नाही. ती संगमरवराच्या बारीक खडीचा सिमेंटमध्ये थर देऊन, दाबून व घासून बनवलेली अखंड लादी असते. गोव्यातील आझुलेजु ही रंगवलेली लादी होय. पच्चीकारीत दगडात खोबण कोरून त्यात तुकडा बसवतात. कुट्टिमचित्रात खोबण नसते व सारा भार चिकटद्रव्यावर असतो.

उगम : लहान तुकडे मांडून पृष्ठभाग सजवण्याची ज्ञात उदाहरणे इ. स. पू. चौथ्या सहस्रकाच्या उत्तरार्धापर्यंत मागे जातात. मेसोपोटेमियातील ऊरुक येथे रंगवलेले मातीचे शंकू भिंतीत खुपसून नक्षी साधलेली आढळते. ग्रीक जगात प्रथम नैसर्गिक गोटे वापरले जात. मॅसिडोनियातील पेला येथील शिकारीची दृश्ये (इ. स. पू. चौथ्या शतकाचा उत्तरार्ध) हा त्या पद्धतीचा कळस मानला जातो. गोट्यांची जागा तासलेल्या चौकोनी तुकड्यांनी कोठे घेतली, हा प्रश्न वादग्रस्त आहे. एक मत हळूहळू झालेल्या संक्रमणाचे आहे. दुसरे मत सिसिलीतील मॉर्गान्तीना येथील इ. स. पू. तिसऱ्या शतकातील जमिनींकडे बोट दाखवते, तर तिसरे प्यूनिक (कार्थेजी) वस्त्यांतील चुन्याच्या फरशीत बसवलेल्या तुकड्यांना अग्रमान देते. गोटे व तासलेले तुकडे एकाच जमिनीत वापरल्याची उदाहरणे पाहता एकाच जन्मस्थानाचा आग्रह धरणे कठीण आहे.

टाकाऊ भांडी व लाद्या फोडून केलेल्या कामाचा उगम याहून निराळा आहे. स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतात या कामाला ‘त्रेंकादिस’ म्हणतात. वास्तुविशारद आंतोनी गौदी याने ते बार्सेलोनात रूढ केले. ग्वेल उद्यानातील नागमोडी बाकाची रंगयोजना बव्हंशी त्याचा सहकारी जुझेप मारिया जुजोल याची आहे. वक्र पृष्ठभागावर अखंड लादी टेकत नाही, फोडलेली टेकते, हे या तंत्राचे मूळ व्यावहारिक कारण. मात्र या तंत्राचे श्रेय कॅटलोनियाला देणे योग्य ठरत नाही. लिस्बनजवळील फ्रोंतेइरा वाड्याच्या बागेत चिनी भांड्यांच्या तुकड्यांनी व शिंपल्यांनी सजवलेले सतराव्या शतकातील काम आहे. राजाच्या मेजवानीत वापरलेली भांडी त्यासाठी फोडली, ही कथा दंतकथा समजावी. दक्षिण चीनच्या किनारी प्रदेशात मंदिरांच्या छपरांवर वाडग्यांचे कापलेले तुकडे बसवण्याची परंपरा आहे, आणि बँकॉकच्या वाट अरुण येथील मनोरा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चिनी भांड्यांच्या तुकड्यांनी मढवला गेला. गोव्यातील काही जुन्या घरांच्या जमिनींत फुटक्या भांड्यांचे तुकडे दिसतात. त्यांचा संबंध पोर्तुगीज प्रथेशी जोडला जातो, पण चीनशी असलेल्या व्यापारातून आलेला माल व त्यातील फूट हेही तितकेच संभाव्य कारण आहे. जेथे चिनी मातीचा टाकाऊ माल मुबलक, तेथे तंत्र स्वतंत्रपणे उद्‌भवले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

भारतात मुंबई व गुजरातेत गच्चीवर विटांच्या तुकड्यांच्या कोब्यावर पांढऱ्या कपच्या बसवण्याची ‘चायना मोझॅक’ पद्धत रूढ आहे. ऊन परावर्तित करणे हा तिचा हेतू होय. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांच्या अहमदाबाद येथील ‘संगाथ’ या कार्यालयाच्या (सु. १९८०) कमानदार छपरांवर तिचा वास्तुशिल्पीय वापर झाला. नेकचंद यांचे चंडीगढचे रॉक गार्डन (१९७६ मध्ये खुले) हे टाकाऊ कपच्यांचे सर्वांत परिचित काम.

साहित्य : ३० × ३० सेंमी. च्या भिंतीवरील फलकासाठी १२ मिमी. जाडीचे मरीन प्लायवुड (भारतीय मानक ७१०) किंवा ८ ते १० मिमी. चा सिमेंट-तंतू फलक घेतात. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला फलक) ओल शोषून फुगतो, म्हणून वर्ज्य. प्लायच्या दोन्ही बाजू व चारही कडा बंद कराव्या लागतात. फक्त समोरची बाजू रंगवली, तर मागून ओल शिरून फलक वाकतो व मधल्या दरजा तडकतात. टांगण्याच्या कड्या आधीच स्क्रूने बसवतात. नंतर ठोकल्यास भरलेल्या दरजा सुटतात.

कपच्या निवडताना जाडी व जलशोषण पाहणे आवश्यक असते. भिंतीच्या लाद्या ६ ते ७ मिमी. जाडीच्या असून त्यांचे जलशोषण १० टक्क्यांहून अधिक असते. त्या सहज फुटतात व निपरने (लादी तोडण्याच्या पकडीने) मनाजोग्या तासता येतात. व्हिट्रिफाइड लादीचे शोषण अर्ध्या टक्क्याहून कमी असते. ती उघड्यावर टिकते, पण तासायला कठीण. काचेच्या चौकोनी तुकड्यांची जाडी साधारण ४ मिमी. असते. २० मिमी. चे तुकडे २ मिमी. अंतराने लावल्यास वरील फलकावर कडेला सु. ८ मिमी. सोडून १३ ओळींत १६९ तुकडे मावतात. पृष्ठभागाचा सहावा हिस्सा तेव्हा दरजांचा असतो. ओबडधोबड कपच्यांत हे प्रमाण पाव हिश्श्यावर जाते. त्यामुळे काचकामाला पाव किलो दरजपूड (दरजा भरण्याची सिमेंटी पूड) पुरते, तर कपच्यांना अर्धा किलो जवळ ठेवावी लागते. चिकटद्रव्याची पूड सु. ४०० ग्रॅ. लागते. पूर्ण फलकाचे वजन दोन ते अडीच किलो भरते.

कृती : लादी गोणपाटात गुंडाळून मागच्या बाजूने हातोडी मारतात, म्हणजे चकाकीच्या कपच्या कमी उडतात. चष्मा व मास्क आवश्यक आहेत. कडा पाणी लावून घासतात, कारण कोरड्या धुळीतील सिलिका फुप्फुसांना घातक असते. आकृती फलकावर काढून सर्व तुकडे कोरडेच मांडून पाहतात. प्रथम आकृतीच्या कडेची ओळ, मग आतला भाग आणि शेवटी पार्श्वभूमी. पार्श्वभूमीची पहिली ओळ आकृतीला लागून फिरवली, तर चित्र उठून दिसते.

नावाच्या पाटीत आधी शिरोरेषा लावतात, एकाच रुंदीच्या तुकड्यांची. मग काने, शेवटी वळणे. तुकडा १ सेंमी. चा असेल, तर अक्षराची उंची निदान ८ सेंमी. हवी, त्याहून कमी असल्यास जोडाक्षरांची पोकळी बुजते. वळणातले तुकडे पाचरीसारखे कापतात : बाहेरची बाजू १० मिमी., आतली ७ मिमी. चौकोनी तुकडे तसेच वळवले, तर बाहेरच्या बाजूला त्रिकोणी फटी राहतात व दरज भरल्यावर त्या अक्षरापेक्षा जास्त नजरेत येतात.

पॉलिमरयुक्त पांढरे टाइल-चिकटद्रव्य (भारतीय मानक १५४७७) वजनाच्या सु. पाव पट पाण्यात कालवून पाच मिनिटे ठेवतात व पुन्हा ढवळतात. एका वेळी तळहाताएवढ्याच भागावर पसरतात. बोट लावून चिकटत नसेल तर वर साय धरली आहे असे समजून थर खरवडून टाकतात. उन्हाळ्यात हे लवकर होते. तुकडा दाबल्यावर चिकटद्रव्य दरजेत जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा वर आले, तर ओले असतानाच काडीने काढतात. ते तसेच राहिले, तर दरजपुडीचा वरचा थर पातळ होऊन पापुद्र्याने निघतो. पारदर्शक काचेखाली करडे चिकटद्रव्य काचेचा रंग मळवते. लाकडाचा पांढरा गोंद काचेखाली हवेअभावी नीट सुकत नाही आणि कोकणातील पावसाळ्याच्या दमटपणात पुन्हा मऊ पडतो. घरगुती फलकांचे तुकडे गळण्याचे हे नेहमीचे कारण.

दुसरी पद्धत उलटी. तुकडे कागदावर दर्शनी बाजू खाली करून मैद्याच्या खळीने चिकटवतात, तुकड्यांसह संपूर्ण कागद फलकावर दाबतात आणि कागद भिजवून सोलतात. अक्षरे यात आरशातल्याप्रमाणे उलटी काढावी लागतात. पृष्ठभाग सपाट येतो, म्हणून मेजासाठी ही पद्धत सरस. तिचा एकोणिसाव्या शतकातील प्रसार सामान्यतः इटालियन कारागीर जाँदोमेनिको फाक्कीना याच्याशी जोडला जातो.

दरजा भरणे : निदान २४ तास सुकू दिल्यावर दरजा भरतात. ३ मिमी. पर्यंतच्या दरजेला बिनवाळूची पूड चालते, त्याहून रुंद दरजेला बारीक वाळूची. नुसत्या पांढऱ्या सिमेंटला केसासारख्या भेगा जातात. लगदा श्रीखंडाइतका घट्ट हवा. पाणी जास्त झाल्यास तो आकसतो. रंगद्रव्य सिमेंटच्या ५ टक्क्यांपर्यंतच ठेवतात. मध्यम करडी दरज बहुतेक रंगांना उठाव देते. पांढरी दरज चित्र तुकड्या-तुकड्यांत विखरून टाकते, तरीही घरगुती कामात तीच सर्रास भरली जाते. वीस ते तीस मिनिटांनी जवळजवळ कोरड्या स्पंजने तिरके पुसतात. ओला स्पंज रंगद्रव्य धुऊन नेतो व दरज डागाळते. त्यानंतर तीन दिवस प्लास्टिकखाली ओलसर ठेवतात.

तुळशीवृंदावनाला रोज पाणी पडते, म्हणून तेथे भिंतीच्या लाद्या टाळून व्हिट्रिफाइड कपच्या वा काच वापरतात आणि माथ्याला बाहेरच्या बाजूस उतार देतात. अन्यथा विटांतील क्षार पाण्याबरोबर वर येऊन कपच्यांची चकाकी ढिली करतात. पणतीच्या कोनाड्यात सिमेंटी दरज तेल शोषते. तेथे इपॉक्सी दरजभरण हाच टिकाऊ उपाय.

सैल कपची मुठीने ठोकल्यावर पोकळ वाजते. तिच्याभोवतीची दरज सुरीने खरवडून कपची उचलतात, खालचे जुने चिकटद्रव्य पूर्ण काढतात, नव्याने बसवतात आणि तेवढीच दरज त्याच पुडीने भरतात. यासाठी मूळ कामातील मूठभर कोरडी पूड व चार कपच्या हवाबंद डब्यात राखून ठेवण्याची कारागिरांत पद्धत आहे; दुसऱ्या वेळी आणलेल्या पुडीची छटा सहसा जुळत नाही.