एका पाल्यात घर टिकत नाही, दुसऱ्यात चूल पेटत नाही

भर पावसाळ्यात ऐन-किंजळ या देशी झाडांखालचा पाचोळा उचकला, तर वरची पानं अखंड दिसतात, मधली जाळीदार आणि तळाशी काळा भुसभुशीत थर. वाणी (काही जण पैसा म्हणतात) पानाचा मऊ भाग कुरतडतो, स्प्रिंगटेल (उड्या मारणारे बारीक बिनपंखी जीव) आणि बरेचसे माइट (कोळ्यांचे सूक्ष्म भाऊबंद) पानावरची बुरशी खातात, तर गांडुळं उरलंसुरलं मातीत ओढतात.

परदेशी झाडाचा पाला या जिवांना सरसकट वाईट, असं म्हटलं जातं; हे मात्र खरं नाही. ठाण्यात सर्रास दिसणारी दोनच झाडं घ्या. गिरिपुष्प मध्य अमेरिकेतलं. त्याचं पान पातळ आणि नायट्रोजन भरपूर, त्यामुळे पाऊस सुरू झाला की महिन्याभरात निम्म्याहून जास्त पाला विरघळून जातो. जिवाणूंची चंगळ होते; पण पुढे श्रावणसरींत जमीन उघडी पडते, थेंब थेट मातीवर आदळतात आणि वाणी-गोमींचा आडोसा जातो.

ऑस्ट्रेलियन बाभळीचं उलट. आपण ज्याला पान म्हणतो तो खरं तर चपटा झालेला देठ. चिवट, लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) आणि टॅनिननं (चहाला तुरटपणा देणारं द्रव्य) भरलेला. मुळांवरच्या गाठींमुळे या झाडाला नायट्रोजनची वाण नसते, तरी टॅनिन पानातली प्रथिनं बांधून ठेवतं आणि ती सहज पचत नाहीत. थर साचत जातो. राहायला घर आहे, चूल पेटत नाही! बुरशीवर जगणारे छोटे जीव त्यात निभावून नेतात, पान खाणाऱ्यांची उपासमार होते.

कोणत्या पाल्यात किती जीव राहतात, याची पडताळणी घरी करता येते. ठाण्यालगतचं येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथला पाचोळा परवानगीशिवाय उचलू नये. सोसायटीच्या बागेतला चालेल. दोन लिटरच्या प्लास्टिक बाटलीचा वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा धरा, आत 2-3 मिलिमीटर भोकांची जाळी, तिच्यावर सैल पाचोळा, खाली वाटीत 70 टक्के अल्कोहोल. वर 25 वॅटचा जुना तारेचा बल्ब, पाचोळ्यापासून वीतभर उंच. एलईडी चालत नाही, त्याची ऊब पुरत नाही. कोरड आणि उष्णता टाळत जीव खाली सरकतात आणि वाटीत पडतात. बल्ब फार जवळ आणला तर स्प्रिंगटेल वाटेतच सुकून मरतात. शिवाय प्लास्टिक वितळतं आणि खाली स्पिरिट आहे, हे विसरू नका.

साधारण 3 दिवस लागतात, ओल्या पाचोळ्याला जास्त. एकाच नमुन्यावर भिस्त ठेवू नका, कारण हे जीव पुंजक्यांनी राहतात. प्रत्येक झाडाखालचे निदान 5 नमुने, एकाच दिवशी घेतलेले, आणि मोजायला दहापट भिंग. नमुना बंद प्लास्टिक पिशवीत उन्हात आणलात तर आतले जीव वाटेतच उकडतात. कापडी पिशवी घ्या. गांडुळं सहसा या नरसाळ्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी 25 बाय 25 सेंटिमीटरचा, 30 सेंटिमीटर खोल खड्डा खणून माती हातानं चाळावी लागते.