मणक्याच्या गादीचं ऑपरेशन: डिस्चार्ज कार्डावरच्या ओळी आल्या कुठून?

कमरेतल्या सरकलेल्या गादीचं ऑपरेशन करून घरी निघालेल्या पेशंटच्या कार्डावर साधारण त्याच पाच-सहा ओळी असतात. रोज चाला. वाकून वजन उचलू नका. फार वेळ बसू नका. जखमेतून पाणी आलं, ताप आला, लघवी अडली तर ताबडतोब दाखवा. या ओळी नव्वदेक वर्षांत एकेक करून जमल्या आहेत. त्यातल्या एक-दोन आता जुन्या झाल्या, तरी कार्डावर छापल्या जातातच.

दुखणं फार जुनं. चरकसंहितेत कुल्ल्यापासून पायापर्यंत उतरणाऱ्या वेदनेला गृध्रसी म्हटलं आहे. नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यांनी १७६४ साली ही वेदना नसेची आहे असं मांडलं. नस दुखावतं कोण, हे मात्र कळेना. १९०८ साली बर्लिनमध्ये क्राउझ यांनी एका पेशंटच्या कमरेतून दाबणारा तुकडा काढला, पेशंट बरा झाला. पण तो तुकडा कूर्चेची गाठ समजला गेला. १९३४ साली बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी खुलासा केला. ‘गाठी’ म्हणून जपून ठेवलेले जुने नमुने पुन्हा तपासले, तेव्हा त्यातले बरेचसे गादीचेच तुकडे निघाले.

तेव्हाचं ऑपरेशन मोठं होतं. मणक्याची मागची कमान काढून टाकायची, कधी नसांभोवतीचं आवरण, म्हणजे ड्युरा, उघडून आत जायचं. १९३९ साली मेयो क्लिनिकच्या लव्ह यांनी कमान न काढता, दोन कमानींमधल्या फटीतून तुकडा काढायची पद्धत मांडली. १९७७ साली झुरिकचे यासरगिल आणि जर्मनीतले कास्पर यांनी मायक्रोस्कोप आणला, आणि चीर दोन-तीन सेंटिमीटरवर आली.

चीर लहान झाली, पण धोके तेच राहिले. गादीची मागून पुढे खोली तीन-चार सेंटिमीटरच, आणि तिच्या पुढ्यात पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्या. चिमटा गादीच्या पुढच्या भिंतीतून आरपार गेला तर धमनी फाटू शकते. रक्त जखमेत न दिसता पोटामागे साचतं, आणि भूलतज्ज्ञाला फक्त घसरणारं ब्लडप्रेशर दिसतं. अशी इजा १९४५ सालीच नोंदली गेली होती. ड्युराला भोक पडणं त्याहून बरंच वारंवार होतं, दुसऱ्यांदा ऑपरेशन असेल तर अधिकच, कारण व्रण ड्युराला चिकटलेला असतो. उठून बसलं की डोकं ठणकतं, आडवं झालं की थांबतं, ही त्याची खूण. ड्युराच्या आत नसांभोवती पाणी असतं; ‘जखमेतून पाणी’ म्हणजे त्या भोकातून झिरपणारं हेच पाणी. लघवीच्या ओळीमागे आत साचलेलं रक्त असतं: नसांचा जुडगा दबतो, बसायची जागा बधिर होते, लघवी अडते. तेव्हा तातडीनं एमआरआय करून दाब काढावा लागतो; सकाळपर्यंत थांबायचं नसतं.

गादीतला जंतुसंसर्ग मात्र चकवतो. पेशंट घरी जातो, पाय हलका झालेला असतो, आणि एक ते चार आठवड्यांनी कंबर अशी धरते की कूस बदलताना ओरडावं लागतं. टाके कोरडे, ताप असेलच असं नाही, पांढऱ्या पेशीही कधी कधी ठीक. इथे उपयोगी पडते ती सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती चढतेच, पण दोनेक आठवड्यांत उतरते. उतरून पुन्हा चढली तर शंका घ्यायची. ईएसआर ही दाहाचीच दुसरी रक्ततपासणी, पण तिचा आकडा मुळातच सावकाश उतरतो, त्यामुळे ती कमी कामाची. मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. औषध तिथे नीट पोचत नाही, म्हणून अँटिबायोटिक्स सहा आठवडे किंवा जास्तच चालतात. शक्यतो आधी सुईनं नमुना घ्यावा, औषध मग. आपल्याकडे टीबीही डोक्यात ठेवावा लागतो.

आता ‘बसू नका’. स्वीडनच्या नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसाच्या गादीत सुई घालून दाब मोजला. उभं असताना १०० धरला तर बसल्यावर १४०, पुढे वाकून बसल्यावर १८५. तिथपासून खुर्ची बदनाम झाली. १९९९ साली जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी एका माणसाच्या गादीत मापक बसवला: उभं ०.५ मेगापास्कल (दाबाचं एकक), सैल बसलेलं ०.४६. म्हणजे बसण्याचा बाऊ जरा जास्तच झाला होता. पाठ गोल करून २० किलो उचलल्यावर मात्र २.३, गुडघे वाकवून १.७. वजनाची ओळ टिकली ती यामुळे.

सक्तीच्या विश्रांतीचंही तसंच. पूर्वी आठवडेच्या आठवडे आडवं ठेवून वर पट्टा बांधत. १९९६ साली अमेरिकेत कॅरगी यांनी ५० पेशंटना कुठलंच बंधन घातलं नाही. ते सरासरी दोन आठवड्यांच्या आत कामाला लागले, आणि त्यामुळे गादी जास्त जणांची सरकली असं दिसलं नाही. तरी पुन्हा सरकण्याचा धोका असतोच, शंभरात पाच-दहा जणांना. गादीच्या बाहेरच्या वेष्टणाला मोठं भगदाड असेल तर तो वाढतो. पाय पुन्हा दुखू लागला तर शिरेतून गॅडोलिनियम हे उजळवणारं औषध देऊन एमआरआय करतात: व्रण उजळतो, गादीचा तुकडा लगेच उजळत नाही.

पायातली कळ बहुतेकदा ऑपरेशननंतर लगेचच कमी होते. ताकद त्यानंतर येते, बधिरपणा सगळ्यात शेवटी जातो. नस नुसती दबली असेल तर काही आठवड्यांत फरक पडतो. आतला तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, आणि कमरेपासून पायाचा अंगठा जवळपास मीटरभर लांब आहे.