कम ऑन ओव्हर : समीक्षक आणि श्रोते

‘कम ऑन ओव्हर’ हा कॅनडाची गायिका शनाया ट्वेन (१९६५– ) हिचा पॉप-कंट्री अल्बम. अमेरिकेत तो ४ नोव्हेंबर १९९७ रोजी प्रसिद्ध झाला. जगभरात सुमारे चार कोटी प्रती खपलेला हा अल्बम कंट्री संगीतातील सर्वाधिक विक्रीचा मानला जातो. मात्र ‘याला कंट्री म्हणायचे का?’ हा प्रश्न त्याला पहिल्यापासून चिकटला. त्याच्याविषयीची बरीवाईट मते बहुतांशी याच प्रश्नाभोवती फिरतात.

हे भांडण जुने आहे. कंट्री हे अमेरिकेच्या दक्षिणेकडील ग्रामीण गाण्यांतून वाढलेले संगीत. फिडल (लोकसंगीताच्या ढंगात वाजवलेले व्हायोलिन), बँजो आणि पेडल स्टील गिटार ही त्याची ओळखीची वाद्ये, तर अमेरिकेतील नॅशव्हिल शहर ही त्याची पेठ. या पेठेनेच १९५० च्या दशकाअखेरीस फिडलऐवजी व्हायोलिनचे ताफे वापरून शहरी श्रोता मिळवला होता. तरीही १९७४ मध्ये कंट्री संगीत संघटनेने वर्षातील सर्वोत्कृष्ट गायिका म्हणून ऑस्ट्रेलियात वाढलेली पॉप गायिका ऑलिव्हिया न्यूटन-जॉन हिची निवड केली, तेव्हा सोवळे सांभाळणारे कलावंत चिडले आणि त्यांनी वेगळी संघटना काढली. ट्वेनच्या वाट्याला आलेली टीका याच परंपरेतली.

टीकेचे दुसरे लक्ष्य होता निर्माता आणि ट्वेनचा तेव्हाचा पती रॉबर्ट जॉन ‘मट’ लँग. एसी/डीसी आणि डेफ लेपर्ड या रॉक बँडचे गाजलेले अल्बम त्याच्या हातचे. अल्बममधील सोळाही गाणी दोघांनी मिळून लिहिली. थरावर थर चढवलेला कोरस, टाळ्यांचा ठेका आणि पहिल्या ऐकण्यातच पाठ होणारी ओळ हा त्याचा खाक्या इथे सर्वत्र दिसतो. काही समीक्षकांना त्यात कारखान्याचा वास आला. शीर्षकांतील उद्गारचिन्हांचीही चेष्टा झाली. ट्वेनने आधीच्या अल्बमसाठी दौरा न केल्याने ही स्टुडिओतच घडवलेली गायिका आहे, असाही आरोप होता. मे १९९८ मध्ये कॅनडातील सडबरी येथून मोठा दौरा सुरू झाल्यावर त्याची धार गेली.

वादाचा खरा गमतीचा भाग मात्र ध्वनिमुद्रणातच आहे. १९९८ मध्ये इतर देशांसाठी जी आवृत्ती निघाली, तिच्यात फिडल आणि स्टील गिटार मागे सारून पॉप वाद्यमेळ पुढे आणला होता. चाल, शब्द आणि गायिका तीच, पण पेहराव बदललेला. म्हणजे अमेरिकेबाहेरचे अनेक श्रोते कंट्रीपण आधीच पुसलेली आवृत्ती ऐकत होते. टीकाकारांचा मुद्दा यातून सिद्ध होतो, हे मान्य करावे लागेल; फक्त तो दोषच का मानायचा, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

श्रोत्यांनी ते विचारलेही नाही. अमेरिकेच्या कंट्री अल्बम यादीत हा अल्बम पन्नास आठवडे अव्वल राहिला. सर्वसाधारण यादीत मात्र दुसऱ्या क्रमांकापुढे कधीच सरकला नाही. स्त्रियांना यातला मिश्कील ताठा भावला. ‘दॅट डोन्ट इम्प्रेस मी मच’मध्ये स्वतःवर खूश असलेल्या पुरुषांची खिल्ली आहे, तर ‘ब्लॅक आइज, ब्लू टिअर्स’मध्ये मारहाणीच्या संसारातून बाहेर पडणारी बाई आहे. ट्वेन आणि लँगचे लग्न टिकणार नाही म्हणणाऱ्यांना उत्तर म्हणून लिहिलेल्या ‘यू आर स्टिल द वन’ला दोन ग्रॅमी मिळाल्या. ते लग्न पुढे मोडले. गाण्याची लोकप्रियता काही ओसरली नाही.

एकविसाव्या शतकात समीक्षकांचा सूर बराच निवळला. टेलर स्विफ्टसारख्या, कंट्रीतून पॉपकडे गेलेल्या गायिकांनी ट्वेनचे ऋण मान्य केल्यावर या अल्बमकडे वाट पाडणारा म्हणून पाहिले जाऊ लागले. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतील कोचेला संगीत महोत्सवात ब्रिटिश गायक हॅरी स्टाइल्सने ट्वेनला मंचावर बोलावले. दोघांनी मिळून याच अल्बममधली दोन गाणी गायली.